काठावरची छिद्रं

मी काशीला गेले ती पुण्य मिळवायला नाही, हे आधीच सांगून टाकते. परत आल्यावर सोसायटीतल्या तिघीजणी गंगाजल मागायला आल्या, तेव्हा माझ्या बॅगेतून निघाली ती एका परिषदेची फाइल, तीन पेनं आणि ‘व्यापार सुधारणा: वाढीचा मार्ग’ असं छापलेली तागाची पिशवी. तिघींनीही पिशवी हातात घेऊन पाहिली आणि सभ्यपणे परत ठेवली.

आयात-निर्यातीच्या धोरणावर टिपणं लिहिणं हे माझं काम. कुठल्या मालावरची जकात उतरवावी, कुठला कागद रद्द करता येईल, परदेशी गुंतवणुकीच्या वाटेत कोणतं जुनं कलम आडवं येतं, हे पुण्यातल्या एका संस्थेत बसून मी तीस वर्षं दिल्लीला कळवत आले. दारं उघडली की व्यापार वाढतो आणि व्यापार वाढला की माणसं सुखी होतात, यावर माझा मनापासून विश्वास होता. अजूनही बराचसा आहे, पण आता तो बोलून दाखवताना मला लाज वाटते. का, ते सांगण्यासाठीच हे लिहायला घेतलं आहे.

दूधविनायक

परिषदेवाल्यांनी कॅन्टोन्मेंटमधल्या हॉटेलात खोली दिली होती, ती मी नाकारली. माझी कॉलेजातली मैत्रीण उषा लग्न होऊन काशीतल्या दूधविनायक या जुन्या मराठी वस्तीत गेली त्याला तीस वर्षं होऊन गेली, आणि ‘काशीत येऊन हॉटेलात राहिलीस तर पुन्हा तोंड दाखवू नकोस’ असा तिचा निरोप होता. डिसेंबर संपत आला होता. स्टेशनवरून रिक्षाने चौकापर्यंत आले आणि पुढे गल्लीत शिरले, तर पन्नास पावलांत बॅगेचं एक चाक फरसबंदीत अडकून निखळलं. ते काढायला वाकले तेवढ्यात समोरून एक बैल आला. गल्लीची रुंदी त्याच्याएवढीच होती. मी बॅग सोडून एका ओट्यावर चढले, तो बॅगेला हुंगून पुढे गेला, आणि ओट्यावर बसलेल्या आजोबांनी शुद्ध मराठीत विचारलं, “कोणाकडे?” मी नाव सांगितलं. “तीन घरं सोडून. चाक उचलून घ्या, इकडे बनवून मिळतं.”

उषाचं मराठी ऐकून मला आधी हसू आलं. पुण्यात असताना ती वादविवाद स्पर्धा गाजवायची. आता म्हणाली, “आधी हातपाय धुवून घे, मग नाश्ता कर. गीझर खराब आहे, मी पाणी गरम करून ठेवलंय. आणि शाल काढू नको, इथली सर्दी हाडात घुसते.” ताटलीत चुडा-मटर आलं. तुपात परतलेले पोहे, कोवळा मटार, वर आलं आणि मिरपूड. ना हळद, ना कांदा, ना शेंगदाणे. आम्ही पुण्याचे लोक पोह्यांच्या बाबतीत हट्टी असतो, पण मी दोनदा मागून घेतलं. आमच्याकडे पाहुण्याला ‘चहा घेणार का’ असं विचारतात आणि त्या प्रश्नातच ‘नको म्हणा’ अशी सूचना असते. इथे कोणी विचारत नाही, पेला हातात येतो.

उषाचा मुलगा माधव तिशीतला. घरात सगळे शिकवणारे, वडील अजून पाठशाळेत जातात. याने मात्र बँकेतली नोकरी सोडून निर्यातीचा परवाना काढला होता. त्याने खाली बसूनच सगळं सांगितलं. एका परदेशी दुकानदाराने हातमागावर विणलेल्या रेशमी स्टोलची मागणी नोंदवली होती, दोनशे नग. त्या देशाशी नुकताच करार झाला होता. हातमागाचा दाखला सोबत असेल तर माल जकातीशिवाय आत जाणार, नसेल तर पूर्ण जकात, आणि तेवढी भरून दुकानदाराला तो परवडणार नव्हता. दाखल्यासाठी माल गुरुवारी तपासायला न्यायचा, शनिवारी विमानावर चढवायचा.

“मावशी, तुमचंच पुस्तक समोर ठेवून सगळं केलंय,” तो म्हणाला. “एक पण ऐब नाही निघणार. मी गारंटी देतो.”

पाच-सहा वर्षांपूर्वी मी हातमागाच्या कापडासाठी निर्यातीच्या दर्जाची एक पुस्तिका लिहिली होती. तिचा हिंदी अनुवाद झाला आणि तो काशीपर्यंत पोचला, हे मला त्या सकाळी कळलं. मी फुशारले, खोटं कशाला सांगू.

परिषद

मंगळवारची परिषद लवकर उरकते, कारण तिच्यात सांगण्यासारखं फार नाही. हॉलमध्ये एवढं थंड करून ठेवलं होतं की बाहेरच्या धुक्यात जरा ऊब वाटावी. पडद्यावर बाण वरच्या दिशेने जात होते. एका गुंतवणूकदाराने नव्या कारखान्याचं चित्र दाखवलं, त्यात झाडं होती, माणसं नव्हती. विणकरांच्या भल्यासाठी दोन सत्रं झाली आणि विणकर दिसला तो फक्त बॅनरवर.

माझ्या भाषणाला सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या. मी ज्या समितीत होते तिने हातमागाच्या दाखल्याची जुनी पद्धत मोडीत काढली होती. पूर्वी अधिकारी विणकराच्या घरी जाऊन माग बघायचा, चहा प्यायचा, चार वेळा फेऱ्या मारायला लावायचा. आम्ही ती घरभेट रद्द केली. आता माल टेबलावर आणायचा, अधिकाऱ्याने तिथेच तपासायचा, दाखला त्याच दिवशी. शिवाय कलम घातलं की पुरावा मालावरच दिसला पाहिजे, कोणाची तोंडी ग्वाही किंवा शिफारसपत्र चालणार नाही. वशिला बंद व्हावा म्हणून ते कलम मी स्वतः लिहिलं होतं. हे सांगताना मी जरा थांबलेसुद्धा, टाळ्यांसाठी.

पीलीकोठी

बुधवारी माधव मला पीलीकोठी या विणकरांच्या वस्तीत हबीबभाईंकडे घेऊन गेला. दोनशे स्टोल यांच्या घरात विणले गेले होते. तळमजल्यावर चार माग, त्यांच्या बोलीत करघे, जमिनीत खड्डे, खड्ड्यांत पाय सोडून बसलेले विणकर. त्यातले दोघे सुरतेला यंत्रमागावर काम करायला गेले होते आणि या ऑर्डरसाठी परत आले होते. हबीबभाई साठीचे, बारीक, पांढऱ्या दाढीचे. त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. मी खुर्ची सोडून मागाशी जाऊन बसले, तेव्हा कुठे ते मोकळे झाले.

मागावरचं कापड मी एवढ्या जवळून पहिल्यांदाच पाहत होते. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण खरं आहे. विणताना कापड आक्रसू नये म्हणून त्याच्या रुंदीएवढी एक पट्टी आडवी लावतात. तिच्या दोन्ही टोकांना बारीक खिळे असतात, ते काठात रुततात आणि कापड ताणून धरतात. वीतभर विणून झालं की पट्टी पुढे सरकवायची. त्यामुळे दोन्ही काठांवर टाचणीने टोचल्यासारखी छिद्रांची ओळ उमटत जाते.

“आणि तयार मालावर?” मी विचारलं.

“नहीं मिलेगा, मैडम. एक भी नहीं,” हबीबभाई अभिमानाने म्हणाले आणि मला वर घेऊन गेले.

वरच्या खोलीत त्यांची बायको सकीना आणि दोन मुली बसल्या होत्या. मांडीवर स्टोल, हातात स्टीलचा चमचा. ओल्या फडक्याने काठ दमट करायचा, चमच्याच्या पाठीने एकेक छिद्र घासायचं म्हणजे बाजूला सरकलेले धागे पुन्हा जवळ येतात, मग इस्त्री. एका स्टोलला अख्खी दुपार जाते. शेवटचे तीन नग उरले होते. भिंतीवर माझ्या पुस्तिकेचं एक पान प्लॅस्टिकमध्ये घालून लावलं होतं, आणि सातव्या ओळीखाली लाल रेघ होती: काठावर टाचणीची छिद्रे नसावीत.

“किताब में लिखा है कि छेद ऐब है,” हबीबभाई म्हणाले. “हमारे दादा-परदादा ऐब बुनते चले गए, हमको मालूमै नहीं था.”

ते टोमणा मारत नव्हते, हे वाईट. ते खरोखरच मानत होते.

ती ओळ कुठून आली, हे मला तिथेच आठवलं. पुस्तिका द्यायची मुदत संपत आली होती. माझ्याकडे एका गिरणीची दोष तपासायची यादी होती, गिरणीत यंत्रावर निघणाऱ्या कापडाची. मी एका दुपारी त्यातली पंधरा-वीस कलमं उचलून हातमागाच्या प्रकरणात घातली. गिरणीच्या कापडाला छिद्र असणं हा दोषच. हातमागाच्या कापडाचं काय असतं हे विचारायला मी कुठल्या मागाकडे गेले नाही, फोनही केला नाही.

“त्या दुकानदाराने छिद्रांबद्दल तक्रार केली होती का?” मी जिन्यात माधवला विचारलं.

“नाही. सँपलमध्ये होते ना छेद, तो काही बोलला नाही. पण पुस्तकात होतं, मग मीच बताऊन दिलं की काढा.”

सकीनाने जाताना मला कुल्हडभर मलइयो दिलं, दुधाचा केशरी फेस, फक्त थंडीच्या सकाळी मिळणारा. तोंडात घातला की विरघळतो. मला त्याची चव लागली नाही.

टेबल

गुरुवारी माधव, हबीबभाई आणि मी गठ्ठा घेऊन तपासणीच्या कार्यालयात गेलो. अधिकारी निघाला भुसावळचा, चौधरी नावाचा तरुण. मी कोण हे कळल्यावर तो उभाच राहिला. “मॅडम, तुमची पुस्तिका आम्हाला ट्रेनिंगला होती. मला तोंडपाठ आहे.” त्याने आमच्यासाठी चहा मागवला, आणि एक स्टोल उलगडून खिडकीशी नेला.

त्याने आधी उलटी बाजू पाहिली, मग बुट्टी बोटांनी चाचपली, आणि त्याचा चेहरा खुलला. मग काठ पाहिला. दुसरा काठ पाहिला. भिंग आणलं. आणखी पाच स्टोल काढले. चहा आला तोवर त्याचा चेहरा पडला होता.

“यांच्या काठावर खिळ्यांची छिद्रं नाहीत,” तो म्हणाला.

“ती आम्ही बंद केली,” माधव म्हणाला. “पुस्तकात ऐब म्हणून लिहिलंय.”

“ते दर्जाच्या पुस्तिकेत. दाखल्याच्या फॉर्ममध्ये छिद्रं हा हातमागाचा पुरावा आहे. दोन्ही काठांवर सलग दिसली पाहिजेत, नाहीतर यंत्रमाग धरायचा.”

दर्जाची पुस्तिका मी लिहिली होती. दाखल्याचा फॉर्म कापडातल्या जाणकारांनी केला होता, आणि तो समितीत माझ्यासमोर आला तेव्हा मी फक्त माझं कलम त्यात नीट बसलं की नाही एवढं बघून सही केली होती. दोन्ही कागद माझ्याच टेबलावरून गेले, वेगवेगळ्या महिन्यांत.

मी चौधरीला म्हटलं, हा हातमागाचाच माल आहे, माग मी काल डोळ्यांनी पाहिलाय, तसं लिहून देते. त्याने खाली बघत माझंच कलम म्हणून दाखवलं. ग्वाही चालत नाही. मग मी म्हटलं, यांच्या घरी चला, माग पाहा, इथून अर्ध्या तासावर आहे. “घरभेट आपण रद्द केलीत, मॅडम,” तो म्हणाला. “मी गेलो तर माझ्यावर चौकशी बसेल.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. स्टोल हाताचाच आहे हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळलं होतं, पण फॉर्ममध्ये ते लिहायला जागा नव्हती.

आम्ही गठ्ठा बांधत असताना बाजूच्या टेबलावर दुसऱ्या एका व्यापाऱ्याचा माल तपासला जात होता. काठांवर छिद्रांची सुरेख, एकसारख्या अंतराची ओळ होती. हबीबभाईंनी जाता जाता नुसता एक कोपरा चिमटीत धरला आणि सोडला. शिक्का बसल्याचा आवाज आमच्या पाठीमागे आला. बाहेर आल्यावर ते म्हणाले, “पावरलूम है. कील वाला रोलर फेर देते हैं किनारे पर. सब जानते हैं.”

मी दिल्लीतल्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, विसंगती आहे खरी, प्रस्ताव पाठवून दे, समितीची पुढची बैठक तीन महिन्यांनी आहे.

बालाजी घाट

शुक्रवारी सकाळी माधव आणि मी बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर बसलो होतो. धुक्यामुळे पलीकडचा काठ दिसत नव्हता. लाकडं भरलेली एक नाव मणिकर्णिकेकडे चालली होती. हबीबभाई पायऱ्या उतरत आले आणि आमच्यापासून जरा अंतर ठेवून बसले. मग माधवने जे रात्रभर मनात धरलं होतं ते बोलून टाकलं.

“चाचा, सुई से खोल देते हैं. जहाँ थे, वहीं.”

“नहीं.”

“बस एक बार.”

“करघे का निशान करघा लगाता है, बेटा. सुई से लगाएँ तो नकल हुई. वो रोलर वाले दूसरे का माल नकल करते हैं, हम अपने ही माल की करें?”

माधव रडायच्या बेताला आला होता. मी मध्ये पडले नाही. काय तोंडाने पडणार होते? हबीबभाईंनी मला विचारलं, “मैडम, और कोई रास्ता है?” मी नाही म्हटलं. आयुष्यात इतकं खरं उत्तर मी कुठल्या परिषदेत दिलं नव्हतं.

“दो लड़के सूरत से बुलाए हैं हमने,” ते नदीकडे बघत म्हणाले. “ज़बान दी है कि अब यहीं काम रहेगा.” मग उठले आणि पायऱ्या चढून गेले. आम्ही त्यांच्या मागोमाग पीलीकोठीला पोचलो तर सकीनाने सुया काढून ठेवल्याच होत्या. “छेद तो वही है,” ती नवऱ्याला एवढंच म्हणाली. ते खाली मागावर जाऊन बसले. त्या कामाला त्यांनी हात लावला नाही, वर आलेही नाहीत.

सकीना, दोन मुली, सुरतेहून आलेले दोघं, माधव, आणि त्याने फोन करून बोलावलेली उषा. दोनशे स्टोल, दोन्ही काठ. नीट पाहिलं की घासलेल्या जागा ओळखू येतात, तिथेच सुई घालायची आणि जरा फिरवायची. जी छिद्रं बुजवायला महिने गेले ती उघडायला एक दिवस पुरत होता. मीही एक स्टोल घेतला. माझी ओळ वाकडी जायला लागली. सकीनाने बाजूने पाहिलं, माझ्या मांडीवरून तो उचलला आणि म्हणाली, “रहने दीजिए, आपसे नहीं होगा.” मी दुपारभर त्यांना चहा करून दिला. स्वयंपाकघरात साखर कुठे आहे हेही विचारायचा मला धीर झाला नाही, डबे उघडून शोधली.

कार्यालय बंद व्हायच्या आत आम्ही पोचलो. चौधरीने स्टोल खिडकीशी नेला, काठ पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली.

“आता नियमात बसतंय,” तो म्हणाला आणि दाखला झाला. माल शनिवारी वेळेवर गेला. उषाने त्या दिवशी श्रीखंड केलं. माधव माझ्या पाया पडला, आणि मी पाय मागे घेतले ते त्याला विनय वाटला.

रविवारी निघण्याआधी मी हबीबभाईंना भेटायला गेले. भिंतीवरचं पान काढलेलं होतं. मी म्हटलं, ती ओळ मी दुरुस्त करवून घेईन. त्यांनी मान हलवली. परिषदेवाल्यांना या स्टोलबद्दल कळलं होतं आणि अहवालात ती एक यशोगाथा म्हणून घालायची होती, मलाच लिहायला सांगितलं होतं. तेही मी त्यांना सांगितलं.

“हमारा नाम मत डालिएगा,” ते म्हणाले. “कोई पूछेगा तो क्या कहेंगे, कि अपना असली माल सुई से असली किया?”

अहवाल मी परत आल्यावर आठ दिवसांत दिला. त्यात ‘वाराणसीतील एक विणकर’ आहे, करार आहे, जकात शून्य झाल्याचं आहे, दाखला दोन दिवसांत मिळाल्याचंही आहे, आणि एकही वाक्य खोटं नाही. सुईबद्दल काही नाही. ओळ बदलण्याचा प्रस्ताव वेगळा पाठवला आहे, बैठक अजून व्हायची आहे. हबीबभाई हे नावसुद्धा मी ठेवलेलं. त्यांचं खरं नाव त्या दोनशे स्टोलच्या एकाही कागदावर नाही. माझं पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर आहे, ठळक अक्षरात.